मॅकलार्टींचं सुतक

गणपती चार दिवसांवर आले असताना आमच्या शेजारचे वामनकाका भोईर सुतकात बसले. गेलेला माणूस स्कॉटलंडचा होता. तो एके काळी फुटबॉलमध्ये गोलकीपर होता, म्हातारा होऊन गेला होता, आणि वामनकाकांनी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. फुटबॉलमध्ये चेंडूला हात लावायची मुभा मैदानावर फक्त गोलकीपरला असते, हेसुद्धा त्यांना माझ्याकडून कळलं होतं. तरी त्यांनी देव्हाऱ्यापुढचा पडदा ओढला, कपाळाचं गंध पुसलं आणि काकींना सांगितलं की आजपासून जेवणात फोडणी नको.

काकींनी विचारलं, कोण गेलं?

"आपल्यातले."

"आपल्यातले कोन?"

"मॅकलार्टी."

काकींनी गॅस बंद केला. कढईतलं तेल गार होऊ दिलं आणि परत बरणीत ओतलं. काकांशी संसार करून त्यांना बरीच वर्षं झाली होती.

आम्ही पेणला राहतो. आमच्या आळीत घरटी नाही तरी दर दोन घरांआड गणपतीचा कारखाना आहे. काकांची मूर्ती समोरच्या कारखान्यात रंगून, डोळ्यांची आखणी होऊन, पाटावर तयार होती. सुतकात गणपती आणता येत नाही. काका कारखानदाराकडे गेले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि म्हणाले की आमच्यात एक गेले, मूर्ती आता साखरचौथीला नेतो. आमच्याकडे ज्यांचा भाद्रपदातला गणपती असा हुकतो ते पुढच्या संकष्टीला, साखरचौथीला, बसवतात. कारखानदाराने मान हलवली आणि सवयीप्रमाणे विचारलं, कोण, गावाकडचे का? काका म्हणाले, "नाय. परदेशातले." कारखानदाराला वाटलं कोणीतरी दुबईला होतं.

हे सगळं कसं सुरू झालं ते सांगायला हवं. त्यात माझाही हात आहे.

मी नागोठण्याच्या पुढच्या एका वाडीतला. आईवडील मजुरीला जातात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पेणच्या कॉलेजात आलो तेव्हा भातगिरणीच्या मागच्या चाळीत मला खोली मिळाली, आणि शेजारी वामनकाका मिळाले. काकींच्या हातची आमटी खाऊन मी बी.ए. झालो असं म्हटलं तर ते खोटं होणार नाही. विषय इंग्रजी होता. हे कळल्यावर आळीने ठरवून टाकलं की औषधाच्या बाटलीपासून मिक्सरच्या खोक्यापर्यंत जिथे जिथे इंग्रजी असेल तिथे मला बोलवायचं. मी जातो. ज्यांनी मला शिकताना सांभाळलं त्यांचं एवढं काम करायला हवं असं मला मनापासून वाटतं. आता मी इथल्याच एका शाळेत शिकवतो, तरी बाटल्या येतातच.

वामनकाका भातगिरणीत मशीन सांभाळतात. गिरणी विजेवर चालते. पण मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनं इंजिन आहे. काळं, बैलाएवढं, एका बाजूला मोठं चाक. ते शेठच्या आजोबांच्या काळी चालायचं. आता चालत नाही. तरी काका रोज सकाळी त्याला तेल देतात, आणि त्याच्यावरची पितळी पाटी चिंच लावून घासतात. मी पहिल्या वर्षाला असताना एकदा त्यांनी मला शेडमध्ये नेलं आणि पाटीवर बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलंय?

मी वाचलं. मॅकलार्टी, ग्लासगो.

"गाव कुठलं आणि आडनाव कुठलं?"

मी म्हटलं, ग्लासगो हे गाव, मॅकलार्टी आडनाव.

काकांनी पाटीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "एवढ्या लांबचा माणूस. आपलं नाव घालून गेला, आणि कोनी विचारला नाय त्याला एवढी वर्षं."

त्या संध्याकाळी मी मोबाइलवर शोधलं. इंटरनेटवर त्या आडनावाचं एक पानच निघालं. जगात नावाजलेले जेवढे मॅकलार्टी झाले तेवढे एकाखाली एक दिलेले होते, प्रत्येकापुढे एका ओळीत त्याने काय केलं ते. कोणाचा कोणाशी काही संबंध नव्हता. फक्त आडनाव एक. मला ते पान फार काही वाटलं नाही. काकांना मी ते वाचून दाखवलं, आणि त्यांनी ते दुसऱ्या दिवशी परत वाचायला लावलं. तिसऱ्या दिवशी त्यांना ते पाठ होतं.

पहिले अर्थातच इंजिनवाले. लोहाराचा मुलगा. गिरण्यांची इंजिनं केली, खाणीतलं पाणी उपसायचे पंप केले, एक लोखंडी पूल बांधला. फोटोत गालावर एवढे केस की तोंड शोधावं लागतं. काका त्यांना थोरले साहेब म्हणतात. मग एक वनस्पती अभ्यासणारे. त्यांनी कुठल्याशा शेवाळाला नाव दिलं होतं. पावसाळ्यात गिरणीच्या भिंतीवर शेवाळ धरलं की काका ते खरवडू देत नाहीत. "असू दे. आपल्याच मान्साचं काम हाय." शेठ वर्षातून एकदा त्यावर चुना मारून घेतात, तेव्हा काका रजा घेतात.

मग एक गाणाऱ्या बाई. मी त्यांचं गाणं मोबाइलवर लावलं. बाईंनी एक सूर धरला तो बराच वेळ सोडला नाही. काकी भाकरी थापता थापता थांबल्या आणि म्हणाल्या, हिला काही लागलंय का? काकांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. शेवटी म्हणाले, "तोंड भरून गाते. घरातली हाय म्हनून सांगत नाय." आणखी एक बाई होत्या, त्या अजून हयात आहेत. तिकडच्या टीव्हीवर हवामान सांगतात. काका मला अधूनमधून विचारतात, पोरीकडे पाऊस हाय का? मी बघून सांगतो. तिकडे बहुधा असतोच. काका म्हणतात, तब्येत सांभाळ म्हणावं.

आणि गोलकीपर. त्याची ख्याती अशी की एका मोठ्या सामन्यात त्याच्यावर इतके गोल झाले की लोक अजून विसरले नव्हते. पानावर त्याच्यापुढे तेवढंच लिहिलं होतं. काकांचा सगळ्यात जास्त जीव याच्यावर. "बाकीचे धा जन पुढं पलतात. चेंडू येतो त्याच्याकडं, आनि नाव त्याचं जातं. तो एकटाच मागं उभा." मी त्यांना समजावलं की खेळात असं असतं. ते म्हणाले, नुसतं खेळातच नसतं.

मी त्यांच्याशी वाद घालून पाहिला नाही असं नाही. मी शिकलेला. मला वाटायचं, आपण काही सांगायला हवं. मी म्हटलं, काका, हे लोक एकमेकांचे कोणी नाहीत. भोईर तरी किती आहेत बघा, उरणपासून रोह्यापर्यंत. सगळे काय एक भावकी आहेत का? काका म्हणाले, "आडनाव काय वाऱ्यावर येत नाय." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. यापुढे बोलणं सरकत नाही.

एकदाच ते माझ्यावर चिडले. पानाच्या तळाशी एक मॅकलार्टी होता तो बँकवाला. लोकांना बुडवून तुरुंगात गेलेला. मी म्हटलं, काका, याला सोडून देऊ, हा आपल्यात नको. काकांनी हातातली तेलाची बुधली खाली ठेवली.

"कुनाला काढायचा नाय."

मी म्हटलं, पण त्याने लोकांना…

"केला असंल. शिक्षा झाली ना? भोगली ना? मंग झाला. घरातून काढायचा नाय. आपल्यात काढत नायत."

इतक्या खालच्या आवाजात बोलले की मी बँकवाल्याची माफी मागितल्यासारखं काहीतरी पुटपुटलो.

त्याचा अर्थ मला बऱ्याच दिवसांनी काकींकडून कळला. तांदूळ निवडताना त्यांनी तो सांगितला, खडा काढून टाकावा तसा. काकांचं गाव रोह्याकडचं. तिथे गावकीने एका कुटुंबाला वाळीत टाकलं होतं. त्या घरी लग्न निघालं. नवरीचा बाप काकांचा शाळेतला जोडीदार. काका लग्नाला गेले, जेवले, वाढायलाही उभे राहिले. गावकीने बैठक बोलावली आणि सांगितलं, चूक झाली म्हणून सगळ्यांसमोर नाक घास. काका म्हणाले, जेवलो त्यात चूक काय? मग त्यांनाही टाकलं. त्यांचे सख्खे थोरले भाऊ, दादा, त्या बैठकीत पंच म्हणून बसले होते. ते काही बोलले नाहीत. सतरंजीकडे बघत राहिले. काकींच्या म्हणण्याप्रमाणे काकांना गावाचं काही वाटलं नाही. सतरंजीचं वाटलं.

त्यानंतर काका-काकी मुलीला आणि काकांच्या म्हाताऱ्या आईला घेऊन पेणला आले. आता याविरुद्ध कायदा झाला आहे. कायद्याने कोणाला वाळीत टाकता येत नाही. पण चहाला बोलवायला लावता येईल असा कायदा नाही. मुलीचं लग्न झालं तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होतो. मांडवात भावकीने बसायची जागा असते. तिथे गिरणीतले हमाल धुतलेले शर्ट घालून बसले होते. पहिली पत्रिका काकांनी देवापुढे ठेवली होती. दुसरी इंजिनावर ठेवताना मी पाहिलं, तेव्हा मला हसू आलं होतं. काकींनी सांगितल्यावर आलं नाही.

तर त्या पानावर गोलकीपरच्या नावापुढे कंसात आधी जन्माचं एकच वर्ष होतं. यंदा गणपतीआधी मी सहज उघडलं तर दोन वर्षं झालेली. मी ते बोलून गेलो. काकांनी लगेच विचारलं, किती दिवस झाले? मी शोधून सांगितलं, परवाच गेले. मग ते गुरुजींकडे जाऊन आले. गुरुजींनी गोत्र विचारलं. काकांनी ग्लासगो सांगितलं. गुरुजींनी पुढे काही विचारलं नाही, दहा दिवस पाळा म्हणाले. गोलकीपर वयाने काकांपेक्षा मोठा होता. आमच्याकडे गेलेल्या माणसापेक्षा धाकटे जे असतील त्यांनी केस द्यायचे असतात. दहाव्या दिवशी काकांनी नाक्यावरच्या सलूनमध्ये जाऊन डोकं साफ करून घेतलं. आळीतल्या पोरांनी विचारलं, काका, नवीन स्टाइल? काका म्हणाले, घरातला गेला. पोरं गप्प बसली. इतका गंभीर चेहरा बघितल्यावर कोणीही गप्प बसलं असतं.

सगळ्यांचे गणपती येऊन गेले. काका साखरचौथीची वाट बघत होते. काकींनी नारळ आणून ठेवले होते.

आणि मला बाबांचा फोन आला. बाबा काकांच्या गावात मजुरीला जातात. ते म्हणाले, तुझ्या त्या काकांचा भाऊस गेला रं आज सकाळी. मी विचारलं, काकांना कोणी कळवलंय का? बाबा म्हणाले, नाय वाटत. आंगनात बोलनं झालं, तर सगले एकमेकांकडं बघाय लागले.

भावकीत कोणी गेलं की घरोघर सांगावा जातो. आता फोन जातो, तरी आम्ही सांगावाच म्हणतो. ज्याला सांगावा गेला नाही तो भावकीत नाही, इतकं ते साधं आहे. मी बराच वेळ खोलीत बसून राहिलो. सांगितलं तर त्यांनी काय करायचं? गेले आणि तिथल्यांनी पाठ फिरवली तर? न सांगावं तर ते माझ्याच्याने होण्यासारखं नव्हतं. शेवटी मी उठून गेलो. काका ओट्यावर बसून विडी ओढत होते. मी सरळ सांगितलं.

काकांनी विडी विझवली. कोणाकडून कळलं ते विचारलं. मग आत वळून काकींना म्हणाले, फोडनी नको.

काकी बाहेर आल्या. त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. तेव्हाही चढला नाही, पण हलला.

"त्यांनी सांगावा धाडला नाय. आपली म्हातारी गेली तवा खांद्याला मानूस नाय आला, हमालांनी नेली तिला. दादा नाय आला. तुमी कशापायी पालताव?"

काकांनी डोक्यावरून हात फिरवला. टाळूवर नुकते खुंट आले होते.

"मॅकलार्टींनी तरी कुठं सांगावा धाडला व्हता?"

काकी उभ्या राहिल्या. मग आत गेल्या. त्या दिवशीही कढईतलं तेल परत बरणीत गेलं.

साखरचौथही तशीच गेली. कारखान्यात एकटीच मूर्ती उरली. कारखानदाराने तिच्यावर प्लास्टिक घातलं आणि काकींना सांगितलं की आता माघी गणपतीला न्या. काकी म्हणाल्या, "नेऊ. तवर कोन ऱ्हातंय बघू. यांची भावकी लय मोठी हाय."

दहावा रोह्याला, कुंडलिकेच्या घाटावर होता. काका म्हणाले, मी जातो. मी म्हटलं, मीपण येतो. पेणहून सकाळच्या गाडीने निघालो. काका खिडकीपाशी बसले होते. नागोठणं गेलं. मला त्यांना धीर द्यायचा होता, पण कॉलेजात शिकलेलं काही उपयोगी पडत नव्हतं. शेवटी तेच म्हणाले, बसू देतील का रं? मी म्हटलं, देतील. मला काही माहीत नव्हतं.

घाटावर भावकी जमली होती. खालच्या पायऱ्यांवर ओळीने पुरुष बसले होते. आधी मुलगे, मग भाऊ-चुलतभाऊ, मग पुतणे, वयाप्रमाणे. न्हावी एकेकाचे केस उतरवत होता. काका वरच्या पायरीवर थांबले. खाली उतरले नाहीत. चपला काढून हातात धरल्या होत्या.

त्यांच्यातले सर्वांत म्हातारे धर्माआबा. गावकीच्या त्या बैठकीत तेच मुख्य होते, हे मला नंतर कळलं. त्यांनी वर पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. काकांच्या डोक्यावरचे खुंट उन्हात स्पष्ट दिसत होते.

धर्माआबांना वाटलं ते मला कळत होतं. कोणालाही तेच वाटलं असतं. सांगावा नसताना, भाऊ गेल्याचं कळल्याबरोबर या माणसाने तिकडे एकट्यानेच केस दिले. आबांचा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, "आदीच केलास व्हय, वामन्या?"

माझ्या मनात आलं, काका, एवढंच हो म्हणा. आयुष्यात एकदा थोडं कमी खरं बोला.

काका म्हणाले, "हे दादाचं नाय. हे दुसऱ्याचं."

"कोनाचं?"

"भावकीतल्याच एकाचं. लांबचे व्हते."

आबा गोंधळले. अख्खी भावकी त्यांच्यासमोर बसलेली होती. त्यांनी रांगेवरून नजर फिरवली, जणू मोजून बघत होते. "आपल्यातला कोन गेला, मला न कलता?"

"तुमच्यातला नाय," काका म्हणाले. "मदल्या वर्षांत जी भावकी व्हती, त्यांच्यातला."

न्हाव्याचा वस्तरा थांबला होता. आबा नदीकडे बघत राहिले. तिकडे सतरंजी नव्हती, नाहीतर सतरंजीकडे बघितलं असतं. मग त्यांनी शेजारच्या चुलतभावाच्या गुडघ्याला हात लावला.

"सरक."

तो सरकला. त्याच्या पलीकडचा सरकला. असं करत शेवटचा पुतण्या पायरीच्या कडेला गेला, आणि मुलग्यांच्या बाजूला, बरोबर धाकट्या भावाच्या जागी, एका माणसाची जागा झाली.

काका उतरून बसले. न्हाव्याने त्यांच्या डोक्यावर पाणी लावलं आणि अडखळून विचारलं, यातलं काय काढू?

"फिरव," आबा म्हणाले. "भाऊ गेलाय त्याचा."

न्हाव्याने वस्तरा फिरवला. फारसं काही निघालं नाही. काका मान खाली घालून बसले होते. मी वरच्या पायरीवर त्यांच्या चपला धरून उभा होतो. त्यांनी त्या कधी माझ्या हातात दिल्या ते मला आठवत नाही.

दुपारच्या गाडीने परत आलो. पुतण्यांनी तेराव्याला काकींना घेऊन या म्हणून सांगितलं होतं. गाडीत काका एकदाच म्हणाले, दादाच्या थोरल्या पोराचं नाक दादासारखंच आहे.

पेणला उतरल्यावर ते घरी न जाता गिरणीत गेले. शेडमध्ये इंजिन होतं. पितळी पाटी कधी नव्हे ती काळवंडली होती. इतक्या दिवसांत तिला चिंच लागली नव्हती. मला वाटलं, आज काकांच्या हाताला विश्रांती द्यावी. कोनाड्यात चिंचेचा गोळा होता तो मी घेतला आणि पाटीकडे वळलो.

"र्‍हाऊ दे," काका म्हणाले. "तेरावा होऊ दे आदी. सायबांना सुतक हाय."

मी म्हटलं, काका, गोलकीपरचं तर केव्हाच फिटलं.

"त्याचं फिटलं," काका म्हणाले. "हे दादाचं."